लांबच्या गाड्या वाढवायच्या की नाही? खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की लांबलांबच्या शहरांमधली रेल्वे, म्हणजे प्रवासी गाड्या आणि मालगाड्या दोन्ही, अजून वाढवायला पाहिजे का आहे त्यातच भागवावं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबार याच तीन जिल्ह्यांतून, त्यामुळे यावेळचं सदर पूर्ण खान्देशचंच झालंय. मी स्वतः भुसावळची, रेल्वे क्वार्टरमधे वाढलेली, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: रेल्वे वाढायलाच हवी, पण आपल्या शेताजवळून नुसती धडधडत गेली तर उपयोग नाही, त्यात आपला माणूस आणि आपला माल चढला पाहिजे. आता एकेक पत्र घेऊया.

प्रश्न : ताई, पाचोऱ्याच्या अलीकडे आमचं शेत लाइनीला लागून आहे. तिसरी लाइन, चौथी लाइन असं चाललंय, मोजणीवाले येऊन गेले. आमच्या स्टेशनावर ज्या गाड्या थांबतात त्या तेवढ्याच आहेत, मग जमीन आम्ही का द्यायची? एवढे रूळ कोणासाठी?
(पाचोरा तालुक्यातले एक शेतकरी)

दादा, तुमचा राग मला पटतो, आणि प्रश्नही एकदम मुद्द्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपली मेन लाइन फार जुनी. 1870 ला मुंबई आणि कोलकाता रेल्वेने जोडले गेले ते याच रस्त्याने, भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर करत. भुसावळला दुसरा फाटा फुटतो तो अकोला, बडनेरा, नागपूरकडे. म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारकडून मुंबईला येणारं आणि नागपूर-हावड्याकडून मुंबईला येणारं, सगळं भुसावळला एकत्र होतं आणि तिथून मनमाडपर्यंत त्याच रुळांवर चालतं. त्यात कोळशाच्या मालगाड्या, सिमेंट, खत, धान्य, तेलाच्या टँकरगाड्या, न्हावाशेवा बंदराचे कंटेनर, हे सगळं पण तिथूनच. आपल्या दीपनगरच्या वीज केंद्राचा कोळसासुद्धा रेल्वेनेच येतो.

आता गंमत अशी की मालगाडी हळू आणि मेल-एक्सप्रेस फास्ट. दोन्ही एकाच रुळावर असल्या की फास्ट गाडीला वाट द्यायला मालगाडी लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, काढून ठेवतात, एक गेली की दुसरी येते, दुसरी गेली की तिसरी, आणि मालगाडी तिथेच उभी. तुम्ही पाहिलं असेल, तासनतास उभी राहते. आणि अशा गच्च मार्गावर कोणी म्हटलं की पाचोऱ्याला अजून एका गाडीला दोन मिनिटं थांबा द्या, तर रेल्वेचं उत्तर ठरलेलं, मागच्या गाड्या अडतात. म्हणजे तुमच्या स्टेशनला थांबा न मिळण्याचं एक मोठं कारण रूळ कमी असणं हेच आहे. (एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही, इच्छा नसणं हेही असतं.)

भुसावळ-जळगाव हा 24-25 किलोमीटरचा तुकडा आधी मोकळा करायला घेतला कारण तिथे सुरतची लाइनही येऊन मिळते. जळगाव-मनमाड तिसऱ्या लाइनचं भूमिपूजन फेब्रुवारी 2019 मधे झालं, आणि नोव्हेंबर 2024 मधे केंद्राने जळगाव-मनमाड चौथी लाइन, 160 किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन, 131 किलोमीटर, मंजूर केली. त्याच निर्णयात प्रयागराजकडची माणिकपूरची एक तिसरी लाइनही होती, तिन्ही मिळून खर्च 7,927 कोटी. चार रूळ झाले की मालगाड्या वेगळ्या काढता येतात, एक्सप्रेस वेगळ्या, आणि मग पॅसेंजर-मेमूला (मेमू म्हणजे विजेवर चालणारी जवळच्या गावांची गाडी) श्वास घ्यायला जागा मिळते.

पण दादा, "जागा मिळते" आणि "गाडी मिळते" यात फरक आहे. मोकळी झालेली जागा पुन्हा लांबच्याच गाड्यांनी भरून टाकली तर पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव जिथे होते तिथेच राहतील. म्हणून ज्या गावांनी जमीन दिली त्यांच्या स्टेशनाला सकाळ-संध्याकाळची लोकल पद्धतीची गाडी, ही मागणी आत्ताच, काम चालू असतानाच लावून धरायची. लाइन सुरू झाल्यावर कोण ऐकतो.

जमिनीचं एक प्रॅक्टिकल सांगते. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा, विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक, झाडं सगळं पंचनाम्यात आलंय का ते वाचूनच सही करा, आणि सातबाऱ्यावर पीकपेरा लागलेला असू द्या. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाच्या रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम धरलेली आहे, ती निवाड्यात वेगळी दाखवलेली असते, ती पाहा. आणि शेताचे दोन तुकडे पडत असतील तर पलीकडे जायला भुयारी रस्ता कुठे येणार हे नकाशावर विचारून घ्या, पैशाइतकंच ते महत्त्वाचं, कारण बैलगाडी-ट्रॅक्टरला चार किलोमीटरचा वळसा पडला तर तो जन्मभराचा.

प्रश्न : आमची केळी दिल्लीला जाते. वडील सांगतात की आधी निंभोरा-सावद्याहून वॅगनी भरून जायच्या. आता सगळा माल ट्रकने. डिझेल वाढलं की भाव आमच्याच डोक्यावर बसतो. केळीची रेल्वे परत नीट सुरू का होत नाही?
(रावेरचा एक तरुण केळी उत्पादक)

भाऊ, या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण खान्देशसाठी मालवाहतूक म्हटलं की आधी केळी. 2016 ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रावेर-यावल पट्टा देशभर माहिती, आणि रावेर, निंभोरा, सावदा ही तिन्ही स्टेशनं थेट दिल्लीकडे जाणाऱ्या मेन लाइनवर. यापेक्षा चांगली मांडणी देवाने दुसरी कुठली करायची?

मग अडतं कुठे ते बघा. ट्रक बांधावर येतो. कापणी झाली, घड उतरवले, भरले, निघाला. रस्त्यात व्यापाऱ्याचा फोन आला की आज दिल्लीला आवक जास्त आहे, कानपूरला वळव, तर वळतो. रेल्वेला हे जमत नाही. रेल्वेला पूर्ण रेक, म्हणजे अख्खी गाडी भरेल एवढे डबे, लागतो, म्हणजे एकाच दिवशी एकाच स्टेशनावर तेवढा माल तयार पाहिजे. एका पार्सल डब्यात, ज्याला आपल्याकडे सगळे व्हीपीयू म्हणतात, साधारण 23 टन माल बसतो, असे वीस डबे भरायचे तर साडेचारशे टनांच्या वर केळी. तेवढ्या बागांची कापणी जुळवायची, ट्रॅक्टरने स्टेशनावर आणायची, हमालांनी चढवायची, तिकडे परत उतरवून बाजारात न्यायची. प्रत्येक वेळी घड हाताळला की काळा पडतो, आणि मे महिन्यात तर डबा उन्हात उभा राहिला की माल वाटेतच पिकायला लागतो. गाडी वेळेवर पोचली तर व्यापारी खूश, बारा तास उशीर झाला तर त्या दिवसाचा बाजार गेला.

2020 च्या ऑगस्टमधे देवळाली-दानापूर अशी देशातली पहिली किसान रेल निघाली, ती जळगाव-भुसावळवरूनच जायची. पुढे फळं-भाज्यांच्या भाड्यावर 50 टक्के अनुदान आलं, आपल्या केळीनेही त्याचा फायदा घेतला. अनुदान थांबलं तशी ती हवा ओसरली. यातून मला जे दिसतं ते असं की नुसत्या सवलतीवर केळीची गाडी चालत नाही. तिला ठरलेलं वेळापत्रक हवं, प्रवासी गाडीला असतं तसंच, की सावद्याहून अमुक वाजता सुटणार म्हणजे सुटणार आणि दिल्लीला अमुक वाजता लागणार. दुसरं, अर्धा रेक निंभोऱ्याला आणि अर्धा रावेरला भरायची मुभा. तिसरं, स्टेशनाजवळ पॅकहाउस आणि प्रीकूलिंग (माल चढवण्याआधी थंड करायची सोय), म्हणजे घडाऐवजी बॉक्समधे माल चढेल आणि एक्सपोर्टवाल्यांनाही बंदरापर्यंत रीफर (थंड) कंटेनर रेल्वेने पाठवणं परवडेल.

आणि वेळापत्रक पाळायचं तर रूळ मोकळे पाहिजेत, म्हणून भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी लाइन ही माझ्या मते केळीवाल्यांची लाइन आहे. ती होताना प्रत्येक स्टेशनच्या आराखड्यात माल भरायचा प्लॅटफॉर्म, शेड, ट्रॅक्टर वळायला जागा हे आहे का, हे तुमच्या फळबागायतदार संघाने आजच जाऊन बघितलं पाहिजे. पश्चिमेला दिल्लीजवळच्या दादरी ते न्हावाशेवा असा 1,506 किलोमीटरचा फक्त मालगाड्यांचा मार्ग आखला, त्यावरच्या गाड्या जुन्या मार्गापेक्षा बऱ्याच वेगाने पळतात, कारण समोर प्रवासी गाडी नाही. पूर्व-पश्चिम असा एक मार्ग भुसावळवरून काढायचं नियोजनही मागे झालेलं आहे. तो होईल तेव्हा होईल, पण खान्देशने त्यासाठी आवाज उठवला पाहिजे आणि त्यात भुसावळला नुसतं जंक्शन नको, माल चढवायचं टर्मिनल पाहिजे असं ठासून सांगितलं पाहिजे.

ट्रकवाल्यांचं काय, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. त्यांचं काम संपत नाही भाऊ. बाग ते स्टेशन आणि स्टेशन ते बाजार ट्रकच लागणार, फक्त ड्रायव्हरला दोन-दोन रात्री न झोपता दिल्ली गाठावी लागणार नाही.

प्रश्न : मनमाड-इंदूर रेल्वे हे आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकतोय. आता 18 हजार कोटी मंजूर झाले म्हणतात. एवढा पैसा एका लाइनीत घालण्यापेक्षा रस्ते केले तर? खरंच फायदा आहे का धुळ्याला?
(शिरपूर, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी)

फायदा आहे, आणि सगळ्यात जास्त धुळ्यालाच आहे. आकडा तुझा बरोबर आहे, 2 सप्टेंबर 2024 ला मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, 18,036 कोटी, 30 नवी स्टेशनं, आणि पूर्ण करायचं साल 2028-29 सांगितलंय. किलोमीटरला 58 कोटींच्या आसपास पडतात. महाग वाटतं, पण मधे सातपुडा ओलांडायचाय, बोगदे-पूल आले.

नकाशा काढून बघ. धुळे आज रेल्वेचं टोक आहे. चाळीसगावहून छप्पन-सत्तावन्न किलोमीटरचा फाटा येतो आणि धुळ्याला संपतो. मुंबईची थेट गाडी मिळायला 2023 उजाडलं, त्याआधी चाळीसगावला डबे जोडायचे किंवा गाडी बदलायची. जिल्ह्याचं ठिकाण असून मागे-पुढे कुठे जाताच येत नाही, म्हणून कारखाने यायला कचरतात. या प्रकल्पातला धुळ्याजवळचं बोरविहीर ते नरडाणा हा पन्नासेक किलोमीटरचा टप्पा झाला तरी धुळे परिसर ताप्ती लाइनला, म्हणजे एकीकडे सुरत आणि एकीकडे जळगावला जोडला जातो. नरडाण्याला एमआयडीसी आहे. शिरपूर-सेंधवा पुढे जोडले गेले की इंदूर-पीथमपूरच्या मालाला बंदराकडे यायला हा सरळ रस्ता. आज मुंबईहून इंदूरला रेल्वेने जायचं तर सुरत, वडोदरा, रतलाम असा वळसा घालून जातात!

रस्त्यांचं म्हणशील तर रस्ता आहेच ना, मुंबई-आग्रा हायवे, आणि बिजासन घाटात काय होतं ते शिरपूरकरांना मी सांगायला नको. जड माल घाटातून ट्रकने उतरवत राहणं हे माणसांच्या जिवावर चाललेलं काम आहे. एका मालगाडीत साडेतीन-चार हजार टन माल जातो, पंचवीस टनी ट्रक धरला तर दीडशे ट्रक एका फेरीत घाटातून कमी होतात.

याच्याच जोडीला जालना-जळगाव नवी लाइन पण ऑगस्ट 2024 मधे मंजूर झालीय, 174 किलोमीटर, 7,106 कोटी, सिल्लोड-अजिंठ्याकडून. मराठवाड्यात जायला आज मनमाडला जाऊन वळावं लागतं, ते वाचेल. परीक्षेला हे आकडे लक्षात ठेव, पण मुलाखतीत कोणी विचारलंच तर नरडाण्याचं सांग, ते कळलेला उमेदवार वेगळा दिसतो.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीला ट्रॅव्हल्सवाले दुप्पट-तिप्पट घेतात, रेल्वेचं तिकीट काढावं तर वेटिंग. वंदे भारत आली पण ती सगळ्यांना परवडत नाही. गरिबांच्या गाड्या का वाढवत नाहीत?
(जळगावच्या एक गृहिणी)

ताई, अगदी घरोघरचं दुखणं लिहिलंत. नागपूर-पुणे वंदे भारत 10 ऑगस्ट 2025 ला सुरू झाली, भुसावळ-जळगावला थांबते, वेळेची आहे, चांगलीच आहे. पण ती दिवसा बसून जायची गाडी. पुण्यातल्या मुलांना पाहिजे शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी घरी आणि रविवारी रात्री परत, म्हणून तर ते ट्रॅव्हल्सला जातात.

वेटिंगचं गणित असं असतं की गाडीच्या जागा वेगवेगळ्या कोट्यात वाटलेल्या असतात. जिथून गाडी सुटते तिथल्यांना मोठा वाटा, मधल्या स्टेशनांना थोडासा. जळगाव कायम मधलं स्टेशन, म्हणून आपल्या तिकिटावर आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या कोट्याचं वेटिंग, येतं आणि ते कन्फर्म व्हायची शक्यता जीएनडब्ल्यूएलपेक्षा, म्हणजे नेहमीच्या जनरल वेटिंगपेक्षा, कमी असते. त्यामुळे इथून जाणारी गाडी वाढून भागत नाही, इथून सुटणारी गाडी लागते. भुसावळहून सुटणारी, रात्रीची, स्लीपर आणि जनरल डबे जास्त असलेली पुणे गाडी ही खान्देशची पहिल्या नंबरची मागणी असायला पाहिजे. वाटेत दौंड-मनमाड मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता, त्याच्या दुहेरीकरणाने वाट मोकळी होतेय, म्हणजे "जागा नाही" हे कारण आता फार दिवस चालणार नाही.

गरिबांच्या गाड्या वाढवा म्हटलं की रेल्वे तोट्याचं कारण सांगते, म्हणून त्याचंही बोलते. प्रवासी तिकिटात खर्च निघत नाही हे खरं आहे. रेल्वेमंत्र्यांनी 2024 मधे सांगितलं होतं की 100 रुपये खर्चाच्या प्रवासाला सरासरी 54 रुपये घेतले जातात. बाकीचं मालगाड्या भरून काढतात, रेल्वेचं साधारण 65 टक्के उत्पन्न मालवाहतुकीचं आहे. पण म्हणून जनरलचे डबे कमी करायचे हे मला अजिबात मान्य नाही, उलट मालगाड्या वाढवा, त्यातून पैसा काढा आणि साध्या डब्यात घाला. कोरोनानंतर पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लावून कमीत कमी तिकीट 10 चं 30 केलं होतं, ते फेब्रुवारी 2024 मधे परत 10 वर आलं, लोकांनी सतत तक्रारी केल्या म्हणून. दिवाळीसाठी आता दोन महिने आधी बुकिंग उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मुलाला बसायला सांगा, आणि परतीचं जळगावहून नाही मिळालं तर भुसावळहून बघा, कधीकधी तिथला कोटा उरलेला असतो.

प्रश्न : नंदुरबार-दोंडाईचा-अमळनेरकडची निम्मी पोरं सुरतला कामाला. सुरतहून येणाऱ्या लांबच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. डबलिंग झालं तरी आमचं काय बदललं?
(दोंडाईचा, सुरतच्या कापड कारखान्यात काम करणारे वाचक)

दादा, थोडं बदललं, पुरेसं नाही. सुरतजवळच्या उधन्याहून जळगावपर्यंतची तीनशेच्या वर किलोमीटर लाइन दुहेरी आणि इलेक्ट्रिक झाली, 2019 ला भुसावळ-बांद्रा खान्देश एक्सप्रेस आली, 2025 ला उधना ते ओडिशातलं ब्रह्मपूर अशी अमृत भारत आली तिच्यात एसी नसलेले डबेच आहेत. पण ताप्ती गंगासारख्या गाड्या सुरतलाच भरून येतात, बिहारमधल्या छपऱ्यापर्यंत जाणारा माणूस आणि दोंडाईच्यापर्यंत जाणारा माणूस एकाच दरवाजात भांडतो, आणि चूक दोघांचीही नाही. लांब जाणाऱ्यांना त्यांची गाडी वाढवून द्या आणि उधना-नंदुरबार-जळगाव अशी शिफ्ट सुटायच्या वेळेची मेमू वेगळी द्या, दोन्ही लागतं.

अजून एक अडचण बोलली जात नाही. तुमची लाइन पश्चिम रेल्वेची, जळगाव-भुसावळ मध्य रेल्वेचं. जी गाडी दोन्हींकडून चालवायची तिला दोघांचा होकार लागतो, रेक कोणाचा, देखभाल कुठे, यात वर्ष जातं. म्हणून निवेदन एकाच ऑफिसला देऊ नका, मुंबई सेंट्रलच्या विभागाला आणि भुसावळ विभागाला दोन्हीकडे द्या, पोच घ्या, आणि खासदारांना दोन्ही पोच दाखवा. शहादा-तळोद्याला तर अजून रूळच नाही, तिथल्यांची पत्रं पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : मॅडम, पीजे परत कधी?
(जामनेरचा अकरावीतला विद्यार्थी)

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी 2020 मधे बंद झाली ती त्या रूपात आता येणार नाही बाळा. 56 किलोमीटरची ती नॅरोगेज ब्रॉडगेज होतेय आणि जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत जाणार आहे, एकूण 84 किलोमीटर. बोदवड नागपूर लाइनवर आहे, म्हणजे जामनेरहून एकीकडे मुंबईची आणि एकीकडे नागपूरची मेन लाइन. मालगाड्यांना हा मार्ग उपयोगी पडेल म्हणून त्या नक्की येतील. कॉलेजच्या वेळेला पाचोऱ्याला पोचणारी गाडी मात्र मागावी लागेल, तर तुझ्या वर्गातल्या ज्यांना ज्यांना एसटी पकडून जावं लागतं त्या सगळ्यांच्या सह्यांचा कागद कर, जायच्या-यायच्या वेळा त्यात स्पष्ट लिही, आणि भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावाने पाठव.